कोणत्या रांगेतून?

हिलाल आप्पांच्या नाटकात त्यांना कुणी शिवी दिली असं कानावर आलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोनती रांगमाईन?" कोणत्या रांगेतून? शिवी काय होती, ती कुणी दिली, कशावरून दिली, हे सगळं नंतर. आधी रांग. पुढच्या रांगेतली शिवी ते मनावर घेत नसत, कारण पुढं बसणारे मंडळाचे मानकरी आणि त्यांचं ते कामच. मधल्या रांगेतून शिवी आली तर त्या दिवशीचा चहा ते दोनदा पीत. आणि अगदी मागं, बांबूला धरून उभे राहिलेल्यांतून आली, तर मात्र बसून विचार करत. "मांगला मानूस उभा राही राही थकेल र्‍हास, बाई. तो उगाच बोलत नही," असं मला म्हणत.

मी मूळची सातारकडची. लग्न होऊन सुरतेला आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळं. ते पलसाण्याच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवायचे आणि रोज वेगळ्या रंगाची नखं घेऊन घरी यायचे. मला उधन्याच्या मराठी शाळेत नोकरी लागली. वर्गातली निम्मी मुलं घरी अहिराणी बोलायची, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि फक्त माझ्यासमोर मराठी, तीही माझ्यावर उपकार म्हणून. पहिले सहा महिने मुलं काय म्हणतात ते मला कळत नसे आणि मी काय म्हणते ते त्यांना पटत नसे. अशा वेळी एका दुपारी हे गृहस्थ शाळेत आले.

बुटके, काटकुळे, वय पंचेचाळीसच्या आसपास. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, पण नखांत ग्रीस आणि मागच्या खिशात पाना. कारखान्याबाहेर तो पाना त्यांच्या खिशातून कधी निघालेला मी पाहिला नाही. पुढं एका नाटकात ते राजा झाले होते, तेव्हाही रेशमी झग्याखाली पाना होताच. डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. कारखान्यात त्यांना 'मास्टर' म्हणत, म्हणजे बिघडलेला लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारा माणूस. दारात उभं राहून ते इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. "बाई, दुपारले वर्ग रिकामा र्‍हास ना? आम्हले काम बसाडानं शे." काम म्हणजे नाटक, हे मला मागाहून कळलं. 'नाटक' हा शब्द ते वापरतच नसत. म्हणायचे, मी सोंग करत नाही, मी दुरुस्ती करतो.

वर्ग मी दिला आणि त्याबरोबर मीही गेले. त्यांना लिहिता येत होतं, पण बसून लिहिण्याचा धीर नव्हता. ते येरझारा घालत बोलायचे, मी लिहायची. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य वेगळं बोलायचे आणि वर मलाच दटावायचे की बाई, तुम्ही काल चुकीचं लिहिलंत. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारभर आमची ही मास्तरकी चाले. पाचवीच्या बुटक्या बाकांवर लूमवरचे दणकट गडी गुडघे पोटाशी घेऊन बसत. चार महिन्यांत मी अहिराणी शिकले, आणि मुलं वर्गात माझ्याविषयी काय बोलतात ते मला कळू लागलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आप्पांना ऐकू कमी येत असे. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर कुणालाही येणार नाही. त्यांच्या कारखान्याच्या शेडमध्ये मी एकदा गेले होते. दोन मिनिटांत माझं डोकं बधिर झालं. तिथं कुणी ओरडत नाही, कारण ओरडून उपयोग नसतो. सगळे ओठांनी बोलतात. या टोकाचा माणूस आवाज न काढता ओठ हलवतो आणि त्या टोकाचा माणूस हसतो. आप्पा या विद्येत सगळ्यांचे गुरू. दूरवरच्या माणसाचे ओठ ते वाचू शकत, अगदी चौकातून गच्चीवरचे. आणि हीच विद्या त्यांनी रंगमंचावर आणली होती.

मी पाहिलेला त्यांचा पहिलाच प्रयोग. गणपतीचा मांडव, दुपारची वेळ, उन्हानं ताडपत्री तापलेली. आप्पा सासऱ्याच्या भूमिकेत जावयाला झापत होते. मध्येच थांबले. कानाची पाळी ओढली. ती ओढली की काहीतरी होणार, हे मला पुढं कळलं. बोट रोखून म्हणाले, "चौथी रांग, निळा सदरा! ये भाऊ, वर ये. आते शेजारले काय सांगं? यानापेक्षा मी बरं काम करसू? कर." मांडव गडगडला. निळ्या शर्टवाल्याला लोकांनी ढकलत वर पाठवलं. आप्पांनी आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः खाली जाऊन त्याच्या खुर्चीत बसून त्याच्या पुडीतले शेंगदाणे खाऊ लागले. तो बिचारा पाच मिनिटं नुसता उभा. शेवटी जावयाची भूमिका करणाऱ्यालाच त्याची दया आली आणि त्यानं त्याला नमस्कार करून प्रवेश संपवला. निळा शर्टवाला नंतर सहा महिने आप्पांशी बोलत नव्हता. सातव्या महिन्यात तालमीला येऊन बसला.

आप्पांच्या कारखान्याचे गुजराती शेठ दर वर्षी नाटकाला येत. पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त तेच हसत. मी एकदा विचारलं, शेठ, भाषा कळते? "समजातुं नथी, बेन, पण मज्जा बहु आवे," असं म्हणून ते पुन्हा पोट धरून हसू लागले. आप्पांना हशा ऐकू येत नसे. ते दात मोजत. दात दिसले की हशा, ओठ मिटले की चूक.

फक्त एका बाजूला त्यांचं काही चालत नसे. मांडवात उजवीकडं बाया बसत, आणि हसू आलं की, बोलायचं झालं की, तोंडाला पदर. आप्पा हताश होऊन म्हणायचे, "बायास्नी बाजू माले वाचता येत नही. पदर आडे येस." त्यांची बायको, जिला सगळे आक्का म्हणत, हे ऐकून नाक मुरडायची. "हाऊ मानूस घरमा मुका नि मांडवमा बोलका," हा तिचा त्यांच्याविषयीचा कायमचा अभिप्राय.

मला त्यांनी प्रॉम्प्टर केलं. वाक्य विसरणाऱ्या माणसाला आठवण करून द्यायची, हे ठीक, पण जो वाक्य पाळतच नाही त्याला काय आठवण करून देणार? तरी मी वही घेऊन विंगेत उभी राहायची. त्यांची अट एकच होती. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. त्यासाठी त्यांनी मला शिकवलं. ओठ कसे स्पष्ट मिटायचे, कुठं थांबायचं. बदल्यात मलाही थोडं थोडं वाचता येऊ लागलं. त्याचा उपयोग मी वर्गात करून घेतला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मला भुताटकी येते असंच समजत असे.

आता त्या कपाटाची गोष्ट.

आमच्या भागात एका खोलीत सहा-सहा माणसं राहत. तिघं दिवसपाळीला, तिघं रातपाळीला. एक उठला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा, खाट कधी गार पडायची नाही. पण गावी जाताना हेच गडी गॉगल लावून, इस्त्रीची पँट घालून उतरायचे आणि सुरतेत आपलं 'घर' आहे असं सांगायचे. प्लेगच्या वर्षी सगळी वस्ती गावाकडं पळाली आणि परत आली, तेव्हापासून खानदेशातले लोक सुरतेच्या मुलाला मुलगी द्यायला बिचकू लागले. आता नुसतं सांगून भागेना. मुलीचा बाप स्वतः घर बघायला येऊ लागला. मग गल्लीनं एक रीत काढली. पाहुणे यायच्या दिवशी एक खोली रिकामी करायची. पाच जणांना मारुतीच्या देवळात झोपायला पाठवायचं. एकाचा पंखा, दुसऱ्याचा टीव्ही, तिसऱ्याच्या स्टीलच्या कळशा. आणि सगळ्यांत मानाची वस्तू म्हणजे आक्काचं हिरवं लोखंडी कपाट. आरशाचा एक कोपरा फुटला होता, तिथं मोराचं चित्र चिकटवलेलं. हातगाडीवरून ते कपाट आज या घरात, उद्या त्या घरात. आक्का म्हणायची, "मन्हं कपाट मन्ह्यापेक्षा जास्त घर हिंडनं."

आणि ही सगळी मांडामांड कोण करायचं? हिलाल आप्पा. गाडी ते स्वतः ढकलायचे. कपाट कुठल्या भिंतीला लावलं की खोली मोठी दिसते, कळशा किती ठेवल्या की खऱ्या वाटतात, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पोरांची लग्नं होतात, मग काय बिघडलं?

पुढचं त्यांनीच मला सांगितलं, पाचवीच्या बाकावर बसून, खाली बघत. एका घरात लग्न होऊन सुमन नावाची मुलगी आली. अठरा-एकोणीस वर्षांची. पूजा होईपर्यंत कपाट राहू द्या, असं त्या घरचे म्हणाले. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिनं बापडीनं पहिल्याच दिवशी आपल्या सगळ्या साड्या त्यात लावल्या, कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी पाहुणे यायचे होते. ती नळावर गेली असताना आप्पांनी कपाट गाडीवर चढवलं. गल्लीच्या वळणावर मागून पावलं वाजली. आप्पांना काही ती ऐकू आली नाहीत. गाडी ढकलणाऱ्या दुसऱ्यानं खूण केली म्हणून त्यांनी वळून पाहिलं. हातात चावी घेऊन ती मुलगी धावत आली होती. "आप्पा, मन्ह्या साड्या आत शेतस."

"माले पहिले हासू उनं, बाई," आप्पा मला म्हणाले. "वाटनं, काय मस्त प्रवेश शे."

मग तिनं भर गल्लीत कपाट उघडलं. एकेक घडी काढून डाव्या हातावर रचली. गल्लीतल्या बाया दारांतून बघत होत्या. शेवटची साडी काढून झाल्यावर तिनं विचारलं, "हाई कपाट कोनं शे?" कुणाचं आहे हे कपाट?  तिनं चावी गाडीवर ठेवली आणि ती निघून गेली.

मला सांगताना आप्पांचे डोळे भरून आले होते, हे मी लपवत नाही. मलाही त्यांचा राग आला होता, आणि तो मी तिथल्या तिथं बोलून दाखवला. तुम्हाला तुमच्या मुलीसाठी असं घर चाललं असतं का, असं मी विचारलं.  आप्पा पुढच्या सुट्टीला आले आणि येरझारा घालत म्हणाले, लिहा. नाव, 'पाव्हना उनात, खाट काढा'. पाहुणे आले, खाट काढा.

इतकं हसवणारं काम त्यांनी आधी केलं नव्हतं आणि इतकं बोचणारंही. सहा भाडेकरू, एक नवरदेव, एक मुलीचा बाप, आणि एक कपाट जे प्रत्येक प्रवेशात वेगळ्या घरात दिसतं. मी म्हटलं, आप्पा, लोक चिडतील. आपलंच माणूस परमुलखात आपलीच लाज काढतं, हे कोण सहन करील? ते म्हणाले, "लूम बंद कर्‍याबिगर दुरुस्त व्हत नही, बाई." मग आपलं अर्धं बोट बघून हसले. "नि चालू लूममा हात घाली त्यानं बोट जास. माले ठाऊक शे."

प्रयोगाला खरंच कपाट हवं, हा त्यांचा हट्ट. खोक्याला हिरवा रंग दिलेला चालणार नाही, आक्काचंच हवं. ते कपाट त्या दिवशी सकाळी कामावर होतं. मंडळाचे अध्यक्ष दौलतभाऊ यांच्या पुतण्याचं घर बघायला शिरपूरकडून पाहुणे आले होते. दौलतभाऊ म्हणजे आमच्यातले मोठे माणूस, स्वतःचे बारा लूम, गळ्यात साखळी. पाहुणे घर बघून जेवायला त्यांच्याकडं गेले, तशी आप्पांच्या नाटकातल्या पोरांनी पुतण्याच्या खोलीतलं कपाट गाडीवर घातलं आणि थेट मांडवात आणलं. इथवर सगळं रीतसर. पण दौलतभाऊंना आपल्या मंडळाची ऐट दाखवायची हौस आवरेना. जेवण झाल्यावर ते पाहुण्यांना घेऊन मांडवात आले आणि त्यांना पहिल्या रांगेत शेठच्या शेजारी बसवलं.

पहिला प्रवेश कडाडून हसण्यात गेला. दुसऱ्यात पडदा सरकला, मध्यभागी कपाट. पहिल्या रांगेतले पाहुणे खुर्चीतून पुढं झुकले. मग हळूहळू उभे राहिले. "हाई कपाट ते आम्ही सकायमा देखं! मोरनं चित्र बी तेच!"

क्षणभर मांडवाला वाटलं, हाही नाटकाचाच भाग. लोक टाळ्या पिटू लागले. शेठ तर खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. मग दौलतभाऊंचा चेहरा दिसला आणि टाळ्या थांबल्या. पाहुणे विचारत होते, खरं काय ते सांगा. आणि मागून आवाज उठला, "खाले उतर!" "आपलीच लाज काढस का रे?" एक चप्पल आली, मग दुसरी. कुणीतरी पडद्याची दोरी तोडली आणि पडदा आम्हा दोघांच्या अंगावर आला. पडद्याखालून आप्पा मला विचारत होते, "कोनती रांगमाईन उनी चप्पल?" मी म्हटलं, सगळ्या. 

पुढं मी त्यांना सरळ विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का? म्हणाले, "कपाट ठाऊक व्हतं. पाव्हना मांडवमा येई, हाई ठाऊक नव्हतं."

दौलतभाऊ दुसऱ्या दिवशी घरी आले. आरडाओरडा केला नाही. खाटेवर बसून म्हणाले, "गावमा आपलं नाव व्हतं, आप्पा. तू ते पुसी टाकं." मंडळानं ठरवलं ते असं. विसर्जनाच्या आदल्या दुपारी सगळ्यांसमोर रंगमंचावरून माफी मागायची. दाखवलं ते खोटं होतं, असं आमच्यात काही घडत नाही, असं म्हणायचं. नाहीतर या मांडवात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

दुसऱ्या कुणाला ही शिक्षा हलकी वाटली असती. आप्पांचं वर्ष गणपतीपासून गणपतीपर्यंत मोजलं जायचं. मधले साडेअकरा महिने ते लूम दुरुस्त करत तेही पुढच्या कामाचा विचार करत. तो दहा हातांचा लाकडी चौथरा गेला, तर त्या माणसाकडं पाना तेवढा उरणार होता. तीन दिवस त्यांनी चहाही धड घेतला नाही. चौथ्या दिवशी शाळेत आले आणि म्हणाले, "लिखा, बाई. माफी लिखा." अहिराणीत नको, मराठीत लिहा म्हणाले. आपल्या भाषेत खोटं बोलताना तोंड वाकडं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी लिहिलं. 'मी दाखवलं ते सगळं खोटं होतं. असं आपल्यात काही घडत नाही. मी समाजाची माफी मागतो.' तीन वाक्यं. ती लिहिताना मला माझीच लाज वाटली, पण मीही त्यांना अडवलं नाही. त्यांचा चौथरा राहावा असं मलाही वाटत होतं.

त्या दुपारी मांडव खच्चून भरला होता. नाटकाला येत नव्हते तेही आले होते. आप्पा पांढरा शर्ट घालून मध्यभागी उभे, मी विंगेत कागद घेऊन. त्यांनी हात जोडले. "भाऊस्वन, मायबहिनीस्वन." मग मराठीत, "मी दाखवलं ते..." आणि थांबले.

मला वाटलं विसरले. मी ओठ हलवले, सगळं खोटं होतं. त्यांची नजर माझ्याकडं नव्हतीच. ते समोर उजवीकडं कुठंतरी बघत होते. मी पुन्हा ओठ हलवले. मांडवात चुळबुळ सुरू झाली. दौलतभाऊंनी घसा खाकरला. आणि आप्पांनी कानाची पाळी ओढली. 

"कागदवर लिखेल शे का हाई खोटं शे," ते त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "कागद बाईस्नी चांगला लिखा. पन मी तो वाचत नही. माफी मी मागस. पन नाटकनी नही, कपाटनी. ज्या ज्या घरमा मी ते कपाट ठेवं, त्या त्या घरनी सूनपाशी मी माफी मागस. मी गाडी ढकली. मी खोटं बोलनू." मग बायांच्या बाजूला वळून त्यांनी हात जोडले आणि तसेच वाकले. वाकून ते बराच वेळ उठलेच नाहीत.

पुरुषांच्या बाजूनं जो गोंगाट झाला तो मी सांगत बसत नाही. आप्पांच्या बंदीवर त्याच दिवशी शिक्का बसला.  पण मी विंगेतून पाहिलं, बायांच्या तोंडांवरचे पदर खाली आले होते आणि त्या सगळ्या त्यांच्याकडं बघत होत्या.

शिरपूरचे पाहुणे महिन्याभरानं न सांगता परत आले, या वेळी मुलीलाही घेऊन. सहा माणसांची खोली, खाटा, दोरीवरचे कपडे, सगळं बघितलं. मुलगा कामाचा आहे, एवढं तर खरं आहे ना, असं म्हणून त्यांनी लग्न ठरवलं. तरी दौलतभाऊंनी आप्पांना क्षमा केली नाही. माणूस झालेलं नुकसान विसरतो, झालेलं हसं विसरत नाही. ते त्यांच्या जागी ठीकच होते, असं मला आता वाटतं.

मंडळाचा मांडव गेला. पण संक्रांतीला कोसाडच्या एका वसाहतीतून चार बाया शाळेत मला भेटायला आल्या. हळदीकुंकवाला आप्पा ते कपाटाचं काम करतील का, असं विचारत होत्या. आप्पांनी केलं, भर दुपारी, दोन घरांच्या मधल्या अंगणात. चौथरा नव्हता, म्हणून ओट्यावर उभे राहिले. बाया पुढं बसल्या आणि पुरुष कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. पुढच्या वर्षी अशी बोलावणी इतकी आली की आक्कानं कपाटात आप्पांचे झगे, दाढ्या, टोप्या कोंबून भरल्या आणि कुलूप घालून चावी स्वतःकडं ठेवली. त्यानंतर ते कपाट पाहुण्यांसाठी कुठं गेलं नाही. आणि आमच्या भागात घर बघायला आलेली बाई पाणी प्यायच्या आधी हसत विचारू लागली, "कपाट कोनं शे?" माफीची ती दुपार लोक आप्पांच्या धाडसाची गोष्ट म्हणून सांगत. एकट्या माणसानं भरल्या मांडवात कागद फेकला, वगैरे. आप्पा ती ऐकून घेत आणि कान खाजवत.

माझ्या नवऱ्याची वापीला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला त्यांच्या शेडमध्ये गेले. दोन्ही बाजूंना लूम खडखडत होते. आप्पा एका बंद लूममध्ये वाकून पाना फिरवत होते. मला बघून हसले. केस पांढरे झाले होते. काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून मी ओठांनीच विचारलं. इतकी वर्षं मनात ठेवलेलं. त्या दिवशी तुम्ही उजवीकडं काय बघत होता?

त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले. मग आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून, मला शिकवलं होतं तसं सांगितलं. "मी कागद वाचनार व्हतू, बाई." थोडं थांबून, "सहावी रांग. सुमन. तिनी पदर खाले करा." आणि मग पदर खाली करून ती बोलली ते शब्द त्यांनी तिच्यासारखेच, हळू ओठ हलवून दाखवले. "आप्पा, आते तरी खोटं बोलू नका."

मी तिथंच उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी प्रॉम्प्टर मी होते.

आप्पांनी माझ्याकडं बघून मान हलवली, वाकले आणि लूमचा दांडा ओढला. तो लूम बाकीच्यांबरोबर चालू झाला.